लाभ, दोन, तीन

एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, मित्राला नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही तेवढी वगळून बाकीचं बोललो. ती अशी, की आमच्या पोरीला 'लाभ' म्हणायला मी शिकवलं. माझ्या वडिलांनी नाही. माझी बायको समजते वडिलांनी, आणि वडील तिला तसं समजू देतात.

ऐकायला एवढीशी गोष्ट आहे. मलाही तसंच वाटायचं, म्हणून तर सांगायची राहिली. पण या एवढ्याशा गोष्टीपायी माझ्या म्हाताऱ्या बापाला नातीसोबत आकडे मोजायची बंदी झाली, आणि ती बंदी मी घरात असताना लागली.

आधी लाभ म्हणजे काय ते सांगतो. वर्ध्याकडे माझ्या मामाच्या खळ्यावर ज्वारी मापायची तर पहिल्या पायलीला कोणी 'एक' म्हणत नसे. म्हणायचे 'लाभ'. मग दोन, तीन, चार. मामा पायली भरायचा, वरून हात फिरवायचा, पोत्यात उलटी करायचा आणि असा काही सूर लावून 'लाऽऽभ' म्हणायचा की खळ्यावरची कुत्री मान वर करून पाहायची. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा. सुट्टीत जायचो. त्या खळ्यावरचं बाकी सगळं पुसलं गेलं, सूर तेवढा राहिला.

आता मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. रायपूरला भनपुरीत एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात ड्रॉइंगं काढतो. शेड, टाक्या, जिने. आठवड्यातले तीन-चार दिवस घरूनच काम. मिलिमीटरचा माणूस आहे, बोलतो कमी. बायको नव्या रायपूरला सरकारी ऑफिसात जाते; सकाळी बसनं जाते, दिवेलागणीला येते. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर पोती मोजून निवृत्त झालेले. चौबे कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही चौघं. पोरगी उशिरा झालेली, त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यावर बसलेली.

तर मागच्या वर्षीचा एक रविवार. बायको बाजारात गेलेली. पोरगी स्वयंपाकघरात तांदळाचा डबा उघडून स्टीलच्या गिलासानं तांदूळ बादलीत ओतत होती. रागवायला म्हणून मी उठलो. पण जवळ जाऊन पाहतो तर ती गिलास भरून वरून हात फिरवत होती. अगदी मामासारखा! तिनं मामाला कधी पाहिलेलं नाही. मला काय झालं कोण जाणे, मी मांडी घालून खाली बसलो, तिच्या हातातून गिलास घेतला, बादलीत उलटा केला आणि म्हणालो, "लाऽऽभ!"

पोरगी इतकी हसली की तांदळात आडवी झाली.

"फिर से, पप्पा! फिर से!"

"लाऽऽभ!"

"और एक?"

"एक म्हणायचं नाही. एक म्हटलं तर धान्य एकटं पडतं. लाभ म्हटलं की वाढतं. लाभ, दोन, तीन."

"लाऽऽभ, दोन, तीन!"

त्या दिवशी तोच तांदूळ डब्यातून बादलीत आणि बादलीतून डब्यात किती वेळा गेला ते विचारू नका. सोफ्यावर तांदूळ, तिच्या केसांत तांदूळ, माझ्या चष्म्याच्या खाचेत तांदूळ. मी स्वतः ओरडत होतो. मी! ऑफिसात लोक मला फोन केल्यावर 'हॅलो, आहात का?' असं दोनदा विचारतात, तो मी. वडील गॅलरीत पेपर घेऊन बसले होते. त्यांनी पेपर खाली केला, पुन्हा वर केला. आम्ही बायको यायच्या आत झाडून घेतलं.

दोन आठवड्यांनी शाळेचा इंटरव्ह्यू होता. पहिलीत प्रवेशासाठी. बायकोच्या ऑफिसात नेमकी तपासणी निघाली, म्हणून पोरीला घेऊन मी एकटा गेलो. जाताना बायकोनं तिला रंग विचारले, दिवस विचारले, आणि मला म्हणाली, "तुम्ही फक्त गप्प बसून राहू नका. काही अडलं तर बोला."

मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी टेबलावर लाल मणी ठेवले. "बेटा, गिनकर बताओ, कितने हैं?"

पोरीनं पहिल्या मण्यावर बोट ठेवलं आणि पूर्ण सूर लावून म्हणाली, "लाऽऽभ. दो. तीन. चार."

"एक कहाँ गया, बेटा?"

"एक नहीं बोलते."

"क्यों नहीं बोलते?"

"एक बोलने से मोती अकेला पड़ जाता है."

मॅडम हसल्या. पुन्हा मोजायला सांगितलं. पुन्हा लाऽऽभ. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः 'एक' म्हणून दाखवलं, तेव्हा पोरीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं आपण अनवधानानं पाय लावणाऱ्याकडे पाहतो. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. हिंदीत एक वाक्य पुरलं असतं. 'मॅडम, हमारे यहाँ अनाज ऐसे ही नापते हैं, मैंने सिखाया है.' बास. पण माझे कान तापले, आणि मी भिंतीवरच्या माशांच्या चित्राकडे पाहत राहिलो. निळा मासा, पिवळा मासा. अजून डोळ्यांपुढे आहेत.

यादीत नाव आलं नाही. कशामुळे आलं नाही ते शाळेनं सांगितलं नाही. जागाच कमी असतील, दुसरं काही असेल. पण आमच्या घरात निकाल लागला तो लाभचाच. मी बायकोला मण्यांची गोष्ट सांगितली होती. माझी बाजू सोडून सांगितली होती.

"पण हे लाभ-बिभ तिले शिकवलं कोणी?" बायको त्या संध्याकाळी म्हणाली. पोरगी झोपली होती. आणि हे म्हणता म्हणता तिची नजर गॅलरीकडे गेली. साहजिक होतं. घरात जुन्या गोष्टींचा माणूस एकच. "बाबा, तुम्ही पण ना! लहान पोर आहे ती. तिचं वर्ष गेलं ना हो तुमच्या या मापापायी!"

वडिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हं."

मी कूलरचा पंप पाहायला गेलो. मार्चचा महिना होता, कूलर अजून चालूही केला नव्हता.

आता विचार केला तर हसू येतं. माझ्या वडिलांनी जन्मात कधी लाभ म्हटलेलं नाही. रेल्वेत पहिल्या पोत्याला लाभ म्हटलं तर पावतीवर काय लिहिणार? त्यांचं सगळं एक, दो, तीन आणि खाली सही. बायकोनं दोन मिनिटं शांतपणे विचार केला असता तर तिच्याही लक्षात आलं असतं. पण ती रडत होती, आणि मी पंप पाहत होतो.

ठरलं असं, की वर्षभर पोरीला घरीच शिकवायचं. बायकोनं नियम घालून दिला: गणित-विज्ञान मी शिकवायचं, कारण मी ड्रॉइंगवाला. "आणि बाबा, तुम्ही तिले गोष्टी सांगा. आकडे-बिकडे नको." ती पुन्हा त्यावरून कधी बोलली नाही, कडवटपणा ठेवणारी ती बाई नाही. पण नियम राहिला. पोरगी आकड्यांचं काही घेऊन गॅलरीत गेली की वडील म्हणायचे, "ते पप्पाले विचार. माझी बदली झाली. मी आता गोष्टी खात्यात."

आणि मी दुसऱ्याच दिवशी अजून एक काम केलं. पोरीला जवळ बसवून म्हणालो, "लाभ आता फक्त मनात म्हणायचं. मोठ्यानं एक, दोन, तीन. मी शिकवलं ते आईलेही नाही सांगायचं, आजोबालेही नाही. आपलं सिक्रेट." तिनं ओठांवर बोट ठेवलं. डोळे चमकले. इतकी आनंदली, की मला वाटलं आपण तिला काहीतरी छानच दिलं.

आणि मग काय वर्ष गेलं ते!

लपवत नाही, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मजेचं वर्ष होतं ते. मी रात्रीच्या जेवणातच उद्याचे प्रयोग ठरवायचो आणि पोळी हातात धरून हसायचो. बायको विचारायची काय झालं, मी म्हणायचो काही नाही.

पहिला आठवडा बादलीचा. काय बुडतं, काय तरंगतं. बटाटा बुडाला. वांगं तरंगलं. संत्रं तरंगलं, आणि तेच संत्रं सोलून टाकलं तर बुडालं. त्यावर पोरीनं संत्र्याला 'स्वेटर काढलं म्हणून बुडालं' असा निकाल दिला, आणि खरं सांगतो, याहून चांगलं मला समजावता आलं नसतं. मग माझी चप्पल. मग रिमोट, तो मी हवेतच पकडला. मग पोरगी वाटीत काहीतरी घेऊन आली आणि सोडलं. टुबुक.

"आजोबाचे दात डूब गए!"

गॅलरीतून वडील आले, तोंडावर पदर घ्यावा तसा पंचा धरून. "आण इकडं, पोट्टी! दात बुडाले, आता उरलेला मी तरंगून दाखवू का?" दात नसल्यामुळे ते वाक्य अर्धं हवेतच गेलं, आणि आम्ही तिघं बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून पोट दुखेपर्यंत हसलो. दात आकड्यांत मोडत नाहीत, त्यामुळे त्यांना तेवढी मुभा होती.

मग तराजू. कपड्यांचा हँगर, दोन्ही टोकांना दोऱ्यानं बांधलेल्या वाट्या. वजनं नव्हती, म्हणून बटाटे घेतले, सारख्या आकाराचे निवडून. आठवडाभर आमच्या घरात सगळं बटाट्यांत होतं. मोबाइल दोन बटाटे. चष्मा अर्धा बटाटा, कापून पाहिला. पपईला वाट्या पुरेनात, म्हणून भाजीच्या पिशव्या लावल्या आणि हँगर वाकला. मी मोजले तर पपई अकरा बटाट्यांची. पोरगी म्हणाली दहा. मी म्हणालो, वा, जवळपास बरोबर! संध्याकाळी बायकोनं विचारलं, "आज भाजी काय करू?" पोरगी म्हणाली, "आलू नहीं बनाना, वो वजन हैं."

पाणी उकळताना झाकणाला घाम कसा येतो. चिल्याचे, म्हणजे इकडच्या तांदळाच्या धिरड्याचे, दोन, चार, आठ तुकडे, आणि आठवा भाग आपल्याला आला की कसं वाईट वाटतं. खाण्याचा सोडा आणि लिंबू बाटलीत, तोंडाला फुगा. फुगा फुगला, निसटला आणि वरणात पडला. लाटण्यानं घराची लांबी: दारापासून गॅलरीपर्यंत माझ्या हिशेबानं तेवीस लाटणी, तिच्या हिशेबानं बावीस. मी पुन्हा म्हणालो, वा, जवळपास!

माझी चूक इथं होती, आणि ती मला वर्षभर दिसली नाही. तिचं उत्तर नेहमी एकानं कमी यायचं. नेहमी. मी ते लहानपणाच्या खात्यात टाकत गेलो. वडील गॅलरीतून सगळं पाहत होते. कधी त्यांचं बोट आपोआप वर उठायचं, मग ते पेपराची घडी घालायचे.

यंदा होळी झाली आणि रायपूरचं ऊन नेहमीसारखं एका रात्रीत आलं. कूलर चालू झाला. पोरगी दुपारी कूलरपुढे तोंड करून 'आऽऽऽ' म्हणत बसली होती. पंख्यानं आवाज थरथरतो ते तिला फार आवडतं. मध्येच थांबून म्हणाली, "पप्पा, ये रोज़ कितना पानी पीता है?"

मी उठून उभा राहिलो. साहेबांनी इतकी वर्षं मला एवढा चांगला प्रश्न विचारलेला नाही.

पद्धत अशी ठरली. सकाळी टाकी गॅलरीतल्या बाजूनं काठोकाठ भरायची, आत खूण करायची. संध्याकाळी पुन्हा त्या खुणेपर्यंत भरायची, लोट्यानं. जितके लोटे लागतील तितकं पाणी कूलर प्यायला. लोटा पोरगी ओतणार आणि मोठ्यानं मोजणार; मी दर लोट्याला एक चिंचोका वाटीत टाकणार, म्हणजे पडताळा राहील. वडिलांची प्लास्टिकची खुर्ची कूलरच्या शेजारीच. ते पेपर वाचणार.

पहिला दिवस. पोरगी: "चौतीस!" वाटीत चिंचोके पस्तीस.

"तू एखादा विसरली असशील."

"नहीं भूली! तुमने एक ज़्यादा डाला!"

दुसरा दिवस. ती एकोणतीस, वाटी तीस. तिसरा दिवस. ती सदतीस, वाटी अडतीस. आता भांडण पेटलं. ती म्हणाली पप्पा चीटिंग करतात. मी म्हणालो चिंचोका चीटिंग करत नाही. मग तिनं वाटी ओढून नेली, पाठ करून कोपऱ्यात बसून स्वतः चिंचोके मोजले आणि वळून म्हणाली, "सैंतीस!" मी तीच वाटी मोजली. अडतीस! एकच वाटी, तेच चिंचोके. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो, आणि मग दोघांनाही हसू फुटलं, काय करणार.

कारखान्यात प्रत्येक माप सारखंच चुकलं की आम्ही आधी टेपचं टोक बघतो. टोकाचा हूक ढिला असला की सगळी मापं तेवढ्यानंच खोटी. मी घरात येऊन टेप तपासला. शहाणा मी! कूलर लोट्यांनी भरत होतो आणि टेप तपासत होतो. मग कूलरची गळती पाहिली. चिमण्या पाणी पितात का ते पाहिलं. शेवटी भांडी घासायला येणाऱ्या दीदीला पकडलं, की फरशीसाठी एखादा लोटा तू तर घेतला नाहीस?

दीदी छत्तीसगढ़ी, आरंगकडच्या गावची. मी कशाला घेऊ म्हणून कमरेवर हात ठेवून हसायला लागली. "मैं काबर लेहूँ भैया, नल म पानी हे." मग काय मोजतोय ते विचारलं, आणि पोरीला म्हणाली, "हमर गाँव म धान नापथें त पहिली काठा ला एक नइ कहँय. राम कहिथें. राम, दू, तीन. बरकत होथे." काठा म्हणजे त्यांचं लाकडी माप.

पोरीनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि माझ्याकडे पाहिलं. डोळे एवढे मोठे. दीदीला आपलं गुपित कसं कळलं?

तरी मला कळलं नाही.

चौथ्या दिवशी पहिला लोटा ओतून झाला तेव्हा वडिलांनी पेपर मांडीवर ठेवला.

"तुमचा चोर दाखवू का?"

"कुठं आहे, बाबा?"

"पोट्टीचे ओठ पाह्य. पहिला लोटा ओतते तेव्हा आवाज नाही, पण ओठ हालतात. मग दुसऱ्या लोट्याले म्हणते एक. चार दिवसांपासून पाहून राहिलो. चार दिवस काय, बटाट्यापासून पाहून राहिलो."

"मग बोलले काहून नाही?"

"मोजणं माझ्या खात्यात नाही."

पोरगी लोटा घेऊन उभी होती. "पप्पा, बता दूँ?"

मी वाटीतल्या एकुलत्या चिंचोक्याकडे पाहत राहिलो. तिनं ते हो समजून घेतलं.

"पप्पाने कहा था, लाभ मनात म्हणायचं. आजोबाको भी नहीं बताना. सिक्रेट है."

कूलरचा पंप चालू होता. लोट्यातून थेंब माझ्या पायावर पडत होते. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी वर्षापूर्वी पाहिलं होतं तसंच, आणि म्हणाले, "हं." मग पोरीकडे वळले.

"पण लोटा तर ओतला न व तू? पोतं एकदा गाडीत चढलं की मोजलंच पाहिजे. मग त्याले लाभ म्हण, राम म्हण, नाही तर वांगं म्हण."

"वांगं?"

"वांगं, दोन, तीन. काय फरक पडते? फक्त त्याले मोजायचं सोडायचं नाही. आणि जे म्हणायचं ते मोठ्यानं."

पोरीला हे इतकं पटलं की तिनं टाकीची तोटी उघडून सगळं पाणी सोडून दिलं आणि टाकी पहिल्यापासून भरायला घेतली. "वांऽऽगं! दोन! तीन!" दुसऱ्यांदा "राऽऽम!" तिसऱ्यांदा, माझ्याकडे बघत, हळूच आणि मग पूर्ण सुरात, "लाऽऽभ!" खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर तोंड करून विचारलं, "क्या हो गया जी, पूजा है क्या?" वडील वरून म्हणाले, "हव, कूलर की!" गॅलरीतून पाणी वाहत होतं, पेपर भिजला, वडिलांचा पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. पडताळा जुळला. एकसुद्धा कमी नाही. पोरगी नाचली, मीसुद्धा नाचलो. पायाखाली चिंचोके आले, घसरलो, पडलो आणि पडल्या पडल्या हसत राहिलो. वर्षाचं उत्तर एका दुपारी बरोबर आलं होतं.

ती कपडे बदलायला आत गेल्यावर मी वडिलांना विचारलं, "बाबा, तुम्हाले ठाऊक होतं?"

"बाप्पा! तुझ्या मामाचा सूर मले ओळखू येत नाही? तांदूळ मापून राहिले होते तुम्ही, मी इथंच तर बसलो होतो."

"मग त्या दिवशी 'हं' काहून म्हणाले?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो." त्यांनी पेपराचं ओलं पान सुटं करून दांडीवर वाळत घातलं. "तू कूलर पाहायले गेला."

मी फरशीवरचे चिंचोके वेचायला लागलो. तेच पुढं म्हणाले, "जाऊ दे. माझ्यावर रागावली तर संध्याकाळी चहा तरी दिला. तुझ्यावर रागावली असती तर चार दिवस दिला नसता."

मी म्हणालो, आता तुम्हीच तिला मोजायला शिकवा. त्यांनी मान हलवली. "असं नाही चालत. ज्यानं बदली केली त्याचीच ऑर्डर पाहिजे. आणि ती ऑर्डर काढायले तिले खरं कारण पाहिजे. तोवर हंगामी येतो कामावर."

तेव्हापासून ते हंगामी आहेत. बायको ऑफिसात असते तेवढा वेळ ते पोरीसोबत चिंचोक्यांची पोती करतात, आगपेटीच्या वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, करतात, कोणत्या वाघिणीत किती, कुठं किती उतरली, शिल्लक किती. ते शिकवतात तसं मला येत नाही. ती आता हातच्याची वजाबाकी करते आणि खाली सही करते. खाली बसचा हॉर्न वाजला की दोघं चिंचोके डब्यात भरतात, आणि बायको दार उघडते तेव्हा वडील म्हणत असतात, "तर एक होता राजा." पोरगी तोंडावर हात ठेवून खुदुखुदु हसते. तिला हा खेळ वाटतो. शनिवार-रविवार गोष्टी खातं.

एप्रिलात दुसऱ्या एका शाळेचा इंटरव्ह्यू झाला. या वेळी बायको सोबत होती, वडीलही आले, बाहेर बाकावर बसले. आतल्या मॅडमनी बाटल्यांची झाकणं ठेवली. पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मग स्पष्ट, मोठ्यानं, "एक, दो, तीन," शेवटपर्यंत. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. मॅडमनी विचारलं, घर में कौन पढ़ाता है? बायकोनं अभिमानानं माझ्याकडे हात केला. मी मान डोलावली. डोलावली!

नाव यादीत आलं. जूनमध्ये ती शाळेत गेली.

यादी लागली त्या दिवशी बायकोनं पेढे आणले. पहिला वडिलांना दिला आणि हसत हसत म्हणाली, "बाबा, यंदा एकपासून मोजलं हो तिनं!" तिच्या मनात काही नव्हतं, आनंदात होती. वडीलही हसले. पेढा तोंडात टाकला, दात सावरले आणि म्हणाले, "हं." पोरीनं माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी सांगितलं होतं ना एकदा, ते तिनं अजून सोडलेलं नाही.

मला त्याच क्षणी बोलता आलं असतं. पेढा हातात होता. तोंडही रिकामं होतं.

हे सगळं मी इथं लिहून काढलं, कारण लिहिताना समोर कोणी नसतं. याला सांगणं म्हणत नाहीत, ते मला कळतं. वडिलांची ऑर्डर अजून निघालेली नाही. ते अजून हंगामीच आहेत, शाळा सुटल्यापासून बस येईपर्यंत. मी त्यांचं जे देणं लागतो ते एवढंच: बायकोसमोर आणि पोरीसमोर, ते तिथं बसलेले असताना, मोठ्यानं म्हणायचं, की लाभ मी शिकवलं होतं. ते मी अजून म्हटलेलं नाही.